बेंजो चालेल, कीबोर्ड नको

आमच्या सोसायटीच्या गणपतीची सभा म्हणजे दरवर्षीचा ठरलेला प्रयोग. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वर्गणीचा हिशेब, मोदक किती सांगायचे, आणि शेवटी मिरवणुकीत काय वाजवायचं यावर पाऊण तास वाद. गेल्या वर्षी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या या सोसायटीने ठराव केला : ‘विसर्जन मिरवणुकीत इलेक्ट्रॉनिक संगीत वाजणार नाही. फक्त पारंपरिक वाद्ये.’ सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, कारण छातीत धडधडणाऱ्या स्पीकरच्या भिंती मलाही नको असतात. मग सेक्रेटरींनी पारंपरिक म्हणजे काय ते वाचून दाखवलं. ढोल-ताशा, लेझीम आणि ‘बजेटमध्ये बसलं तर बेंजो’. मागून कुणीतरी ओरडलं, ‘आणि एकदा तरी नागीण!’ तेही हसत हसत मंजूर झालं.

सभेत बोललं की पुढच्या वर्षी समितीत घेतात, म्हणून मी गप्प बसले. पण त्या ठरावातल्या परंपरेत दोन पाहुणे शिरले होते, आणि दोघेही विजेवर चालणारे.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. लाकडी लांबट पेटी, वर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ आहे जपानी ‘ताइशोगोतो’. नागोयात मोरिता गोरो नावाच्या माणसाने १९१२ मध्ये ते बनवलं. आपल्याकडे आल्यावर त्याला तारांचा आवाज विजेने पकडणारा पिकअप बसला, अँप्लिफायर लागला, कर्णे लागले, आणि ते ट्रकवर चढून वरातीत शिरलं. कोळीवाड्यातल्या हळदीला आज बेंजो नसेल तर म्हातारी माणसं विचारतात, ‘अरे, आपली पद्धत सोडली का?’

नागिणीची गंमत तर याहून मोठी. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली ती पुंगीची धून. रुमाल दातात धरून आपण सत्तर वर्षं तिच्यावर लोळतो आहोत, पण तिच्यात पुंगी नाहीच. संगीत हेमंतकुमारांचं, हार्मोनियमवर रवी, आणि पुढे आनंदजींबरोबर जोडी जमवणारे कल्याणजी क्लॅव्हिओलिन वाजवत होते. क्लॅव्हिओलिन म्हणजे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये तयार केलेला, व्हॉल्व्हवर चालणारा छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. म्हणजे भारतातल्या लग्नांतलं सर्वांत जुनं, सर्वांत चक्रम आणि सर्वांत लाडकं नाचगाणं हे निखळ इलेक्ट्रॉनिक पॉप आहे. आमच्या ठरावाने ज्याला दारातून हाकललं, त्यालाच खिडकीतून आत घेतलं.

हे सेक्रेटरींची फजिती करायला सांगत नाही. भला माणूस आहे, लिफ्ट बंद पडली की स्वतः जिने चढतो. मुद्दा वेगळा आहे. आपल्या शहराने ज्या इलेक्ट्रॉनिक आणि गमतीच्या गाण्यांवर दोन पिढ्या नाचवल्या, ती सगळी कॅसेटींवर होती, आणि त्या कॅसेटी आता माळ्यांवर, पलंगाखालच्या खोक्यांत, भंगारवाल्याच्या गाडीवर सडत चालल्या आहेत. त्या जपणं हे ग्रंथालयांचं काम आहे असं माझं म्हणणं आहे. त्याच्या आड कायदा येत नाही, पैसाही फारसा येत नाही. आड येते ती आपली अभिरुची.

माझी अभिरुची काय लायकीची आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोधत बसायला नको.

मी चेंदणीत वाढले. खिडकीतून स्टेशन ऐकू यायचं आणि वारा फिरला की खाडीचा वास. बाबा हार्मोनियमवर नाट्यगीतं म्हणायचे, गडकरी रंगायतनचा एकही संगीत प्रयोग चुकवायचे नाहीत. १९८६ मध्ये मामा मस्कतहून आला आणि त्याने माझ्यासाठी एक कॅसिओ आणला. छोट्या पट्ट्यांचा, पोटात सहा सेल खाणारा. बाबांनी एकदा त्यावर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, ‘पत्र्याचा डबा आहे. परदेशी खेळणं. याला मींड नाही, गमक नाही, याच्यावर काय संगीत होणार?’ मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गमक म्हणजे सुराला दिलेला झोल. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते बाबा गेल्यावर, आणि त्याचा काय उपयोग. ज्या हार्मोनियमपुढे बसून ते हे बोलत होते, ती पेटीही फ्रान्सहून आलेली. तिलाही मींड नाही म्हणून, ती भारतीय गळ्याला नासवते म्हणून, आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं.

मामाने कॅसिओबरोबर एक भरून घेतलेली कॅसेटही दिली होती. त्या काळी दुकानात यादी दिली की साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून मिळायची, मस्कतलाही तसंच असावं. पेन्सिलीने कॅसेट गुंडाळायची आठवण मी इथे सांगणार नाही, ती सगळ्यांनी सांगून झाली आहे. या कॅसेटवर गाण्यांची नावंच नव्हती. एक होतं नुसत्या टपटप सुरांचं, शब्द नाहीत, जणू नीट बंद न केलेला नळ तालात ठिबकतोय. मी आणि धाकटा भाऊ त्याला ‘नळाचं गाणं’ म्हणायचो. तीस वर्षांनी कळलं की त्याचं नाव ‘पॉपकॉर्न’. गेर्शन किंग्सली यांनी १९६९ मध्ये मूग नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेने सूर घडवणाऱ्या यंत्रावर, केलेली धून, १९७२ मध्ये ‘हॉट बटर’ नावाच्या मंडळींनी ती जगभर गाजवली. आम्ही इतकी वर्षं ज्याला नळ समजत होतो त्या लाह्या निघाल्या. दुसरं एक जर्मन गाणं होतं, त्यात एक माणूस कंटाळलेल्या आवाजात ‘दा दा दा’ एवढंच घोकायचा. १९८२ चं. त्यातला टिक-टॉक असा ठेका कॅसिओच्या व्हीएल-वन नावाच्या वाद्यातला, आणि ते वाद्य अर्धं कॅल्क्युलेटर होतं. त्यावर आकडेमोडही करता यायची. बँकेत लागल्यावर रोकड जुळली नाही की माझ्या डोक्यात अजूनही तो ठेका सुरू होतो.

मग डिस्को आला. म्हणजे आमच्या आधीच आला होता, आमच्यापर्यंत कॅसेटमधून झिरपत आला. पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने १९८० मध्ये गायलेलं आणि बिद्दूंनी बांधलेलं ‘आप जैसा कोई’, बप्पी लाहिरींचे चमचमते तुकडे, आनंद शिंद्यांच्या आवाजातला मिठू मिठू बोलणारा पोपट. १९९८ मध्ये दलेर मेहंदींचं ‘तुनक तुनक तुन’ आलं. त्यांच्या व्हिडिओत सुंदर मुली असतात म्हणूनच ते चालतात, अशी टीका व्हायची. म्हणून त्यांनी निळ्या पडद्यापुढे उभं राहून एकट्यानेच चार दलेर नाचवले. टीकेला इतकं चोख उत्तर मी दुसरं पाहिलं नाही. ते गाणं लागलं की मी घरात दार लावून नाचायचे, आणि बेल वाजली की आवाज कमी करून शास्त्रीय गायनाची कॅसेट लावायचे.

ही जी बेल वाजल्यावरची घाई आहे, तिच्याबद्दलच हा लेख आहे.

ठाण्याच्या मराठी मध्यमवर्गाला ही घाई चांगली ठाऊक आहे. दिवाळीच्या पहाटे तलावपाळीला जाऊन बघा. तिथे दोन दिवाळी पहाटा होतात. एक सभागृहातली : गजरे, भैरव, भावगीतं, मध्यंतरात फराळ. दुसरी राम मारुती रोडवरची आणि तळ्याकाठची : नवे कुर्ते, साड्या, मोबाईल आणि मांडवातून येणारा डीजेचा ठोका. पहिलीची बातमी संस्कृतीच्या पानावर येते, दुसरीची वाहतूककोंडीच्या. मी दोन्हींना जाते. वयाप्रमाणे आधी पहिलीला, मग हळूच दुसरीला. आणि दरवर्षी वाटतं, पन्नास वर्षांनी या शहराची पहाट कशी होती असं कुणी विचारलं, तर आपल्याकडे दाखवायला फक्त पहिली असेल.

इथे आवाजाचा प्रश्न बाजूला काढायला हवा, नाहीतर सगळी चर्चा त्याच खड्ड्यात जाते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ते पाळले पाहिजेत, बस. पण डेसिबल मोजणारं यंत्र समोर ताशा आहे की सिंथेसायझर हे विचारत नाही. आपल्या पूर्णपणे पारंपरिक पथकाने गेल्या वर्षी आमच्या सी विंगच्या काचा थरथरवल्या तेव्हा कुणी ठराव केला नाही. आवाज मोठा आहे ही तक्रार रास्तच आहे. आवाज हलक्या जातीचा आहे ही कुजबुज मात्र वेगळी, आणि पहिल्या तक्रारीच्या पदराआड ती फार सहज लपते. ‘जातीचा’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे. बेंजो आणि कीबोर्ड वाजवणारी, हळदीची गाणी कॅसेटवर काढणारी माणसं कोणत्या वस्त्यांतून आली आणि त्यांना थिल्लर म्हणणारी कोणत्या वस्त्यांतून, हे ठाण्यात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता कोळीवाड्यातल्या मास्तरांबद्दल.

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर ते राहायचे. दिवसा कंपनीत फिटर, रात्री हळदी आणि वराती. आधी बेंजो वाजवायचे, मग १९८८ च्या आसपास त्यांनी कॅसिओ घेतला, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. मी त्यांच्याकडे महिनाभर शिकायला गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवलेली युक्ती मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. कॅसिओत तयार ठेके होते : रॉक, डिस्को, बोसानोव्हा, वॉल्ट्झ. कोळीगीताचा झुलता ठेका कुठेच नव्हता, जपानमध्ये कुणाला सुचणार? मास्तर वॉल्ट्झचं बटण दाबायचे आणि टेम्पो जवळजवळ शेवटपर्यंत चढवायचे. तीन-तीन मात्रांचा तो युरोपीय गिरका इतका भरभर फिरायला लागायचा, की त्याचं सहाचं चक्र होऊन त्यातून होडी डोलायला लागायची. ‘गोऱ्याचा नाच पळवला की आपला होतो,’ असं म्हणून ते हसायचे.

यंत्रातला तयार ठेका उचलून त्याचं भलतंच काही करणं, ही त्या दशकाची खरी कला होती, आणि ती फक्त चेंदणीत चालत नव्हती. कॅसिओच्या १९८१ च्या एमटी-४० मध्ये ‘रॉक’ नावाचा एक ठेका होता. तो कंपनीत नव्याने लागलेल्या ओकुदा हिरोको या तरुणीने तयार केला. जमैकात कुणीतरी ते बटण दाबून ठेका संथ केला, आणि १९८५ मध्ये त्यावर वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ आलं. तिथलं नाचाचं संगीत त्या एका बटणाने बदलून गेलं. जमैकातल्यांनी ठेका संथ केला, मास्तरांनी पळवला. फरक इतकाच की स्लेंग टेंगवर आज अभ्यासक लिहितात, आणि मास्तरांचा वॉल्ट्झ फक्त त्या गल्लीतल्या पन्नाशीपुढच्या पायांना आठवतो.

पाच वर्षांपूर्वी मास्तर गेले. त्यांच्या सुनेने मला बोलावून फरसाणाच्या दोन पत्र्याच्या डब्यांतल्या एकेचाळीस कॅसेटी दिल्या. म्हणाली, ‘ताई, तुम्ही नेल्यात तर बरं, नायतर पावसाळ्याआधी घर लावताना फेकायच्याच होत्या.’ त्यातल्या सोळा बाजारातल्या, छापील वेष्टनाच्या, पण मी त्या दुसऱ्या कुणाकडे पाहिलेल्या नाहीत. एकीवरची कंपनी बंद होऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. उरलेल्या पंचवीस त्यांनी कार्यक्रमांत स्वतःच्या टेपवर भरलेल्या.

त्यातली एक मी पुन्हा पुन्हा ऐकते. वर निळ्या बॉलपेनने ‘हलद, कोपरी, ९१’ एवढंच. चोवीस-पंचवीस मिनिटं कॅसिओ जोरात चालला आहे, शिट्ट्या आहेत, कुणाचं तरी बाळ रडतंय. आणि एकदम वीज जाते. कॅसिओ मेला, माईक मेला, पण टेप सेलवर असल्यामुळे चालू राहिला. दोन सेकंद नुसता कालवा. मग बायकांनी टाळ्यांवर तेच गाणं उचललं, विनामाईक, आणि त्यांच्या मागून एका म्हातारीचा आवाज. ती वेगळंच काही म्हणतेय. ते धवल्यासारखं वाटतं, लग्नविधींची गाणी म्हणणारी धवलारीण म्हणते ते. बायका हळूहळू गप्प होतात आणि ती एकटी गात राहते. तीनेक मिनिटांनी जनरेटर घरघरतो, दिवे आल्याचा गलका होतो, आणि कॅसिओ पुन्हा सुरू. पण बंद पडून चालू झालेला कॅसिओ सगळं विसरून मूळ पियानोच्या आवाजावर येतो. त्यामुळे दोन ओळी कोळीगीत एकदम पियानोवर वाजतं, मास्तरांची एक अस्सल शिवी ऐकू येते, बटण दाबल्याचा टक् आवाज, आणि मग त्यांचा तो कर्ण्यासारखा सूर.

जुनं गाणं, नवं यंत्र, एका अंगणात, एकाच कॅसेटवर. लोकसंगीत इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी मारलं असं म्हणणाऱ्यांना मला हे ऐकवायचं असतं. म्हातारीचा धवला टिकला तो कॅसिओवाल्या मास्तरांच्या टेपमुळेच. अंगणात टेप घेऊन दुसरं कुणी आलं नव्हतं.

हे जपायचं कुणी? यात आपण आजवर काय केलं ते पाहू. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, जोडून दहा रागांची एक तबकडी केली. खाली डिस्कोचा ठोका, वर भैरवी, ललित, मालकंस. टीबी-३०३ हे खरं तर एकट्या गिटारवाल्याला साथ द्यायला काढलेलं बेसचं यंत्र, आणि ते त्या कामात सपशेल पडलं. पण त्याला एक खोड होती, ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. बाबा म्हणायचे ना, डब्याला मींड नाही? या डब्याला होती. चरणजितांनी ती ओळखली. तबकडी चालली नाही. चक्रम प्रयोग म्हणून विसरली गेली. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या मुलांनी त्याच यंत्राच्या त्याच घसरणीतून ॲसिड हाऊस नावाचं संगीत काढलं आणि त्याचा इतिहास लिहिला गेला. चरणजितांची तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये ती तिकडून पुन्हा निघाली, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या वादकाला युरोपात रंगमंच मिळाला. २०१५ मध्ये ते गेले.

दुसरी गोष्ट अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने स्टुडिओ उभा राहिला, आणि गीता साराभाईंसारख्या मंडळींनी तिथे प्रयोग केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या हुडकल्या, आणि २०२३ मध्ये त्या जगाने ऐकल्या. त्या पन्नास वर्षं टिकल्या याचं कारण साधं आहे : संस्था होती, संस्थेत कपाट होतं. प्रयोगशील, गंभीर संगीताला कपाट मिळतं. चरणजितांच्या तबकडीला निदान मोठ्या कंपनीचा शिक्का होता. मास्तरांना फरसाणाचा डबा मिळाला. आणि त्यांच्या डब्यापर्यंत हॉलंडहून कोण येणार?

‘सगळं यूट्यूबवर आहे की,’ हे मला हमखास मिळणारं उत्तर. नाही. छापील सोळांपैकी अकरा कॅसेटी मला तिथे सापडलेल्या नाहीत, पंचवीस तर असणंच शक्य नाही. जे असतं तेही कुणाच्या तरी मर्जीवर असतं, हक्काचा दावा आला की रात्रीत जातं. आणि ते कसं असतं? गाणं असतं, पण कीबोर्ड कुणी वाजवला, ऑक्टोपॅडवर कोण, कुठे भरलं, काही नाही. हे सगळं वेष्टनाच्या आतल्या बारीक कागदावर छापलेलं असायचं, आणि तो कागद कुणी चढवत नाही.

पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ठरलेल्या चार ग्रंथालयांना द्यायची, त्यातलं एक मुंबईच्या टाऊन हॉलमधलं. त्यामुळे कितीही टुकार कादंबरी असली तरी तिची प्रत कुठेतरी असायला हवी, असं राज्य मानतं. दोन वर्षांनी वर्तमानपत्रंही त्यात आली. ध्वनिमुद्रणं आजही नाहीत. कॅसेटचं युग या कायद्याच्या डोळ्यांदेखत आलं आणि गेलं, त्याने मान वळवून पाहिलं नाही.

मग हक्कांचं काय? ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे १९८२ ची तबकडी २०४२ संपेपर्यंत मोकळी नाही. लोक इथेच हात टेकतात. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक छोटं पोटकलम आहे : नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची मूळ, डिजिटल नसलेली प्रत असेल, तर जतन करण्यासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवणं हा हक्कभंग नाही. ती सगळ्यांना वाटता येणार नाही, हे खरं. पण ठेवता येईल, आणि हक्कांची मुदत उलटल्यावर खुली करता येईल. अट एकच, कॅसेट आधी ग्रंथालयाच्या मालकीची हवी. कुणीतरी नेऊन द्यायची आणि त्यांनी घ्यायची.

खर्चही मी बँकेच्या सवयीने मांडून पाहिला. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास पळते, आणि तिला घाई करता येत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. पाचशे कॅसेटी म्हणजे पाचशे तास. रोज पाच तास म्हटलं तर शंभर दिवस, एक माणूस, एक चांगला डेक आणि आवाजाची डिजिटल फाइल करणारा एक बरा कन्व्हर्टर. जतनासाठीच्या बारीक दर्जाला, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला, तासाला दोन जीबी धरले तर सगळं मिळून एक टेराबाइट. आमच्या एका रस्त्याच्या कोपऱ्यावर शुभेच्छांचे जेवढे फ्लेक्स लागतात, त्यांच्या खर्चात हार्ड डिस्क येते, दुसरी प्रत ठेवायला दुसरीही येते. घाई मात्र आहे. फितीवरचं लोखंडी ऑक्साइड ज्या डिंकाने चिकटलेलं असतं तो ओल धरतो, आणि खाडीच्या हवेत वेष्टनाच्या आत पांढरी बुरशी धरायला दोन पावसाळे पुरतात. माझ्याकडच्या एकेचाळीसपैकी तीन गेल्याच.

खरा आक्षेप यानंतर येतो, आणि तो प्रामाणिक आहे. ‘हा कचरा लोकांच्या पैशाने का ठेवायचा?’ यातलं बरंच खरोखर कचरा आहे. त्या सोळांत दोन कॅसेटी अशा आहेत की बायकांबद्दलची त्यातली भाषा ऐकून मला आजही किळस येते. पण ग्रंथालयात ठेवणं म्हणजे आरती ओवाळणं नव्हे. ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, तेव्हाच्या घरांतही कादंबऱ्या वाचून पोरं बिघडतात असं म्हणणारी माणसं होतीच. त्या कादंबऱ्या जपल्या म्हणून आज त्या काळावर प्रबंध लिहिता येतात. आणि काय टिकेल याचा आपला अंदाज किती चुकतो ते हार्मोनियमने, नागिणीने आणि चरणजितांनी पुरेसं दाखवलं आहे. चक्रम गाणी तर काळाचा सांधा जास्तच नेमका पकडतात. २०१७ मध्ये ‘सोनू, तुला माझ्यावर भरोसा नाय का’ हे निव्वळ वेडं गाणं महिन्याभरात खड्ड्यांच्या तक्रारीची चाल झालं. एका रेडिओवरच्या विडंबनाने मुंबईत राजकीय धुरळा उडवला, आणि घोडबंदरवर आमच्या बसमध्ये पोरं त्याच चालीवर स्वतःचे शब्द जोडत होती. त्या पावसाळ्यावर लिहिलेले अग्रलेख मला आठवत नाहीत. चाल आठवते.

तर मागच्या महिन्यात मी त्यातली एक छापील कॅसेट घेऊन एका वाचनालयात गेले. कुठल्या ते महत्त्वाचं नाही. तिथल्या बाई अगत्याने बोलल्या, चहा सांगितला. पण दाखल करून घेण्याचं विचारल्यावर अडचणीत पडल्या. ‘देणगी घेऊ हो, पण नोंदवू कुठल्या विभागात? आमच्याकडे पुस्तकं, मासिकं, बालविभाग. हे मनोरंजनात टाकू की किरकोळमध्ये?’ त्यांची चूक नव्हती, नोंदवहीत रकानाच नाही. मी म्हटलं, तुम्ही पुस्तकांवर विषयवारीचे जे ड्यूईचे आकडे टाकता त्यात बघू या. त्यांनी जाडजूड खंड काढला. संगीत ७८०. मग बोट खाली खाली सरकत गेलं : ७८६.७, इलेक्ट्रॉनिक वाद्यं. त्याच्या पोटात ७८६.७४, सिंथेसायझर.

‘अगंबाई, आहे की आकडा,’ त्या म्हणाल्या. ‘आणि सातशे शहाऐंशी. शुभ आहे हो!’

त्यांनी पेन्सिलीने वेष्टनावर बारीक अक्षरात तो आकडा लिहिला. नोंदवहीत चढवायला कार्यकारिणीला विचारावं लागेल म्हणाल्या, आणि तोवर कॅसेट टेबलाच्या खणात ठेवली, शिक्क्यांच्या आणि पंचिंग मशीनच्या शेजारी. परवा फोन केला तेव्हा बैठक अजून झालेली नव्हती. ‘पण खणात कापूर टाकून ठेवलाय,’ एवढं त्यांनी आवर्जून सांगितलं.